शिंपल्यांची साक्ष

गेल्या वसंत पंचमीला भाचीच्या अक्षराभ्यासासाठी आम्ही नांदेडहून बासरला गेलो होतो. पुजाऱ्यांनी तिचं बोट धरून ताटातल्या तांदळात ‘ॐ’ गिरवून घेतला. पोरीने हात सोडवून घेतला आणि शेजारी स्वतःची एक रेघ ओढली. दर्शन झाल्यावर घाटावर बसलो, तर तिचा प्रश्न तयार: “मावशी, वाळू कुठून येते गं?”

व्यासांनी गोदावरीतून रोज तीन मुठी वाळू आणून सरस्वतीची मूर्ती घडवली, अशी इथली कथा. मी तिच्या तळहातावर चिमूटभर वाळू ठेवली. काही कण काळे होते, काही काचेसारखे पांढरे. काळे कण बेसॉल्टचे, नदीने त्र्यंबकपासून घासत आणलेले. पांढरे गारेचे. गार ग्रॅनाइटमध्ये ठासून भरलेली असते, आणि ग्रॅनाइटच्या मुलखातून येणारी मांजरा बासरच्या थोडं अलीकडे, कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. लाव्हाचा आपला काळा कातळ या भागात सरत जातो आणि निजामाबादकडे ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसू लागतात. तिच्या इवल्याशा हातावर दोन मुलूख एकत्र आले होते.

दगडमातीचं असं वाचन शिकवायला एके काळी शाळा नव्हत्या, बायकांसाठी तर नव्हत्याच. म्हणूनच मला मारिया ग्रॅहम जवळची वाटते. १७८५ साली इंग्लंडमधल्या कंबरलंडात तिचा जन्म झाला. वडील जॉर्ज डंडस आरमारात. बहुतेक काळ समुद्रावर, त्यामुळे लेकीच्या वाट्याला ते फारसे आलेच नाहीत. त्यांना मुंबईच्या गोदीत मोठी जागा मिळाली, तेव्हा भावंडांसह तीही निघाली आणि मे १८०९ मध्ये मुंबईला उतरली. वाटेत जहाजावरच टॉमस ग्रॅहम या नौदल अधिकाऱ्याशी सूत जुळलं आणि त्याच वर्षी इथे लग्न झालं. कंपनी सरकारच्या काळात इकडे आलेल्या बऱ्याच गोऱ्या बायकांचं जग बंगल्याच्या व्हरांड्यापाशी संपे. ही घारापुरीला गेली, घाट चढून कार्ल्याची लेणी पाहून आली, चित्रं काढली, आणि १८१२ मध्ये तिचं भारतावरचं पुस्तक एडिनबरोला छापून आलं. राज्यकर्त्यांच्या घरातली बाई होती ती, आणि तिच्या लिखाणात तो ताठा अधूनमधून जाणवतो. पण डोळ्यांसमोरची वस्तू नीट बघून, लगेच लिहून ठेवायची तिची सवय पक्की होती.

ती सवय पुढे चिलीत उपयोगी पडली. एप्रिल १८२२ मध्ये केप हॉर्नजवळ तिचा नवरा जहाजावरच वारला. ती वाल्पराइसोला उतरली, त्याला तिथे पुरलं, आणि परत न जाता एक छोटं घर भाड्याने घेऊन राहिली. १९ नोव्हेंबरच्या रात्री ती जवळच्या किंतेरो गावी होती, सोबतीला आजारी मावसभाऊ की आतेभाऊ, असा एक तरुण नातेवाईक. दहाच्या सुमारास जमीन हादरली. पुढे कित्येक दिवस धक्के येतच राहिले. अशात ती किनाऱ्यावर गेली. जे खडक एरवी पाण्याखाली असायचे ते उघडे पडले होते, त्यांवर कालवं आणि शिंपले तसेच चिकटलेले, मेलेले, आणि त्यांचा उग्र वास सुटलेला. किनारा तीन ते चार फूट वर आला आहे, असं तिने लिहिलं.

कोकणात खडकावरची कालवं काढणाऱ्या बायकांना यातलं मर्म सांगावं लागणार नाही. कालव खडकाला एकदा चिकटलं की जागा सोडत नाही, आणि भरतीचं पाणी जिथवर रोज पोचतं तिथवरच ते जगतं. म्हणजे कालवांची वरची कड ही समुद्राने स्वतः आखलेली रेघ असते. ती रेघ पाण्याला सोडून वर गेली, की एक तर समुद्र उतरला किंवा जमीन उचलली गेली.

तिचं पत्र १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापलं. बाईचं लिखाण त्या संस्थेच्या ग्रंथात पहिल्यांदाच येत होतं. डोंगर हळूहळू, अशा धक्क्याधक्क्यांनी उंचावतात असं म्हणणाऱ्या चार्ल्स लायल यांनी १८३० च्या आपल्या ग्रंथात तिचा दाखला दिला. जमीन अशी उचलली जाते हेच ज्यांना मान्य नव्हतं त्यांना तो खुपला. सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो यांनी १८३४ मध्ये भर भाषणात तिच्या निरीक्षणांवर शंका घेतली. तोवर तिने चित्रकार ऑगस्टस कॉलकॉटशी दुसरा संसार मांडला होता आणि १८३१ पासून आजारपणाने ती घरातच होती. नवरा आणि भाऊ द्वंद्वयुद्धाला निघाले, तिने दोघांना गप्प बसवलं, अशी आठवण घरच्यांनी सांगितली आहे. तिने उत्तर छापलं: मुद्द्याला मुद्दा, काय पाहिलं आणि कुठे पाहिलं.

२० फेब्रुवारी १८३५ रोजी चिली पुन्हा हादरली. या वेळी तिथे तरुण चार्ल्स डार्विन होता. कॉन्सेप्सिऑनजवळच्या सांता मारिया बेटावर त्याच्या जहाजाचे कॅप्टन फिट्झरॉय यांना पाण्याच्या रेषेच्या दहा फूट वर शिंपले सडलेले सापडले. मारियाने सांगितलं होतं तेच.

कारण कळायला आणखी शंभरावर वर्षं गेली. समुद्रतळाचं नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकत असतं. दोन्ही एकमेकांत अडकून बसतात आणि वरचा काठ वर्षानुवर्षं खाली ओढला जातो. अडकण सुटली की काठ उसळून वर येतो. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत झालं ते भूपट्टाच्या काठावर नव्हे, पोटात. दोन्ही बाजूंनी दाबल्या गेलेल्या खडकात फट सरकली आणि एक बाजू दुसरीवर चढली. त्या पहाटे आम्ही नांदेडला अंगणात धावलो होतो. मांडणीतली भांडी खणखणल्याचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. उपग्रह होते, जीपीएस होतं. तरीही शास्त्रज्ञ टेप घेऊन किनाऱ्यावर उतरले आणि खडकांवरच्या मेलेल्या शैवालाचे पांढरे पट्टे, शिंपल्यांच्या कडा मोजत फिरले. सांता मारिया बेटावरही ते गेले. बेट पुन्हा वर आलं होतं.