सहवाचन आणि प्रादेशिक साहित्य : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

मागील घटकात आपण साहित्यकृतीची निर्मिती आणि तिचे प्रकाशन यांचा विचार केला. प्रकाशित झालेले पुस्तक पुढे कोणाच्या आधाराने टिकते, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे. छापखाना, ग्रंथालय, पुरस्कार आणि अभ्यासक्रम ही त्याची परिचित उत्तरे होत. त्यांच्याइतकाच महत्त्वाचा, परंतु अभ्यासकांकडून काहीसा उपेक्षित राहिलेला आधार म्हणजे वाचकांचा परस्परसंबंध. एकाच प्रदेशातील वा भाषेतील साहित्य अनेकांनी ठरवून एकाच काळात वाचणे, त्याविषयी एकमेकांशी बोलणे आणि ते इतरांपर्यंत पोहोचवणे, या व्यवहाराला आपण येथे ‘सहवाचन’ म्हणू. ग्रंथालयातून एकच प्रत दहा जणांनी पाळीपाळीने नेली, तर वाचक दहा होतात. सहवाचन होतेच असे नाही.

प्रथम सहवाचनाच्या अभावाचे उदाहरण घेऊ. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, या रीतीवर इतका थेट प्रहार करणारे लेखन त्या काळात विरळाच. पुस्तकावर टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केल्यावरच अभ्यासकांच्या चर्चेत आले. मधला काळ नव्वद वर्षांहून अधिक आहे. पुस्तकाला फुल्यांसारखा समर्थक लाभला होता, तरीही असे का घडले? प्रस्तुत लेखकाच्या मते, समर्थक आणि वाचकवर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या स्त्रियांविषयी हा निबंध होता, त्यांपैकी फारच थोड्यांना तेव्हा अक्षरओळख होती. त्यांना तो वाचून दाखवील असे मंडळ अस्तित्वात नव्हते.

याउलट, मूळ प्रत नष्ट होऊनही टिकलेल्या ग्रंथाचे उदाहरण आपल्या भाषेच्या आरंभकाळातच सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीच्या आठवणी आहेत, लोणार आणि मेहकर ही या जिल्ह्यातील गावेही त्या भ्रमंतीत येतात. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. परंतु लीळा अनेकांच्या मुखी होत्या, म्हणून अनुयायांना त्या आठवून पुन्हा लिहिता आल्या. पाठापाठांत भेद पडले हे खरे. तथापि पाठभेद असणे याचाच अर्थ ग्रंथ एकाहून अधिक डोक्यांत होता. याच परंपरेची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवल्यामुळे ते पंथाच्या आत जपले गेले, पण बाहेरच्या वाचकांना विसाव्या शतकापर्यंत दुर्लभ राहिले. सहवाचनाचे वाचणे आणि वाटणे असे दोन भाग आहेत. त्यांपैकी पहिलाच भाग येथे सिद्ध झाला.

गावोगावच्या पोथीवाचनात हे दोन्ही भाग एकत्र येत. चातुर्मासात एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने तिचा अर्थ सांगावा आणि इतरांनी ऐकता ऐकता शंका काढावी, ही पद्धत आपल्यापैकी अनेकांनी घरी वा मंदिरात पाहिली असेल. येथे निरक्षर श्रोताही ग्रंथाचा वाटेकरी असतो. आधुनिक साहित्याच्या वाट्याला अशी बैठक क्वचितच आली. कादंबरी ही एकट्याने, मनातल्या मनात वाचायची वस्तू, असा समज शालेय वयापासून रूढ झाला.

न्यून भरून काढण्याचे प्रयत्न झाले. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतले, दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये याच चळवळीतून वाचकांपर्यंत गेले. त्याहून जुने आणि आपल्या अधिक जवळचे उदाहरण ना. घ. देशपांडे यांचे आहे. दुसरबीड ज्या सिंदखेड राजा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील शेंदुर्जन येथे १९०९ साली जन्मलेल्या या कवीने मेहकरला वकिली केली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच नावाचा काव्यसंग्रह निघाला तो १९५४ साली. म्हणजे सुमारे दोन दशके ही कविता पुस्तकाविनाच घरोघर ऐकली जात होती! मराठी भावगीताच्या आरंभकाळात तिचे स्थान महत्त्वाचे मानले जाते ते यामुळेच.

आता एका दूरच्या भाषेकडे वळू. ब्रिटनच्या पश्चिमेस असलेल्या वेल्स या देशाची स्वतंत्र भाषा वेल्श होय. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये ती बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे तेथील लोकसंख्येच्या १७.८ टक्के आहेत. बुलढाणा जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार आहे, हे लक्षात घेतल्यास त्या भाषेचा आकार किती लहान आहे ते कळेल. शेजारी इंग्रजीसारखी बलाढ्य भाषा असूनही वेल्श साहित्य टिकले, याच्या कारणांत सामूहिक वाचनाचा वाटा मोठा आहे. १५८८ मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने फिरत्या शाळा काढल्या. शाळा एका गावी काही महिने भरे, लोकांना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवी आणि पुढच्या गावी जाई. दिवसभर राबणारी प्रौढ माणसे तेथे शिकत. नंतरच्या रविवारच्या शाळांतही मुलांबरोबर प्रौढ बसत, वाचत आणि वाचलेल्यावर चर्चा करीत. नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा इतिहास परका वाटू नये.

वेल्शमधील एक कादंबरी आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. कॅराडॉग प्रिचर्ड यांची ही कादंबरी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ ‘एक चांदणी रात्र’ असा होतो. पाटीच्या दगडाच्या खाणींवर जगणाऱ्या बेथेस्डा या गावची बोली तिने निवेदनासाठीही स्वीकारली. ती इंग्रजीत अनुवादित झाली आणि वेल्श न येणारे वाचकही आज ती वाचतात. तिच्या एकच वर्ष आधी, १९६० मध्ये, मराठीत उद्धव शेळके यांची ‘धग’ आली होती. तिच्यातील कौतिक आणि तिचे कुटुंब वऱ्हाडी बोलते. दोन्ही लेखकांनी प्रमाणभाषेच्या वाचकाला थोडे कष्ट दिले, आणि ते योग्यच केले.

हे कष्ट कोणते, ते भाषावैज्ञानिक अंगाने पाहू. वऱ्हाडीच्या मोठ्या क्षेत्रात ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : डोळा – डोया, काळा – काया. ‘मला, तुला’ यांऐवजी ‘मले, तुले’ अशी रूपे आढळतात. डोळ्यांनी वाचणाऱ्या परक्या वाचकाला ही रूपे प्रमाणभाषेतील चुका वाटतात. तोच उतारा बोली जाणणाऱ्याने मोठ्याने वाचला की त्या चुका नसून नियम आहेत, हे कानाला पटते. कारण ‘मले’ म्हणणारा ‘तुले’ आणि ‘त्याले’ असेच म्हणतो. बोलीचा लहेजा तर छापील पानावर उमटतच नाही. शिवाय बुलढाणा जिल्ह्यात घाटावरची आणि घाटाखालची बोली पूर्णतः एक नाही. सिंदखेड राजा परिसरातील बोलण्यावर जालन्याकडील वळणांची छाया दिसते. त्यामुळे एकच संवाद नांदुऱ्याचा वाचक एका तऱ्हेने वाचील आणि दुसरबीडचा दुसऱ्या. दोघे एकत्र बसले तरच हा भेद लक्षात येईल.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही कादंबरी याच जिल्ह्याच्या मातीतली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिचा इंग्रजी अनुवादही झाला. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे. अशा कृषिजीवनाच्या कादंबरीत वाचक अडतो तो तिफन, डवरणी, सोंगणी, पऱ्हाटी अशा शब्दांपाशी. कोशात ‘डवरणी’चा अर्थ मिळेल, परंतु पाऊस लांबल्यावर ती एकदा जास्त का करावी लागते आणि त्यासाठी बैलजोडी कोणाकडे मागावी लागते, हे सांगणारा माणूस शेजारीच असतो. त्याने कादंबरी हातातही धरलेली नसेल. सहवाचनात तो जाणकार ठरतो आणि पदवीचा विद्यार्थी श्रोता. बोलीची लाज वाटण्याची जी सवय शाळेने अनेकांना लावली, तिच्यावर याहून परिणामकारक उपाय प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्या भागाचे पुस्तक म्हणून त्याची केवळ स्तुती करणे हे वाचन नव्हे. ‘बारोमास’मधील स्त्रीपात्रांना पुरेसा अवकाश मिळाला आहे काय, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे, ताराबाईंच्या जिल्ह्यात तर तो टाळताच येणार नाही.

कृती : ‘धग’ किंवा ‘बारोमास’मधील संवादप्रधान अशी चार पाने निवडा. घरातील वा शेजारच्या किमान तीन व्यक्तींना ती मोठ्याने वाचून दाखवा. त्यांपैकी एक व्यक्ती साठीच्या पुढची असावी. ज्या शब्दांवर ऐकणाऱ्यांनी थांबवले, दुरुस्ती सुचवली किंवा ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ असे सांगितले, ते शब्द सांगणाऱ्याच्या गावासह वहीत नोंदवा. अभ्यासकेंद्रावरील पुढील संपर्कसत्रात ही वही दुसऱ्या गावच्या विद्यार्थ्याच्या वहीशी ताडून पाहा.