जहाज का तरंगते?

लोखंडी खिळा पाण्यात बुडतो; जहाज मात्र जड तोफांसह तरंगते. असे का? पाण्यात शिरलेली वस्तू काही पाणी बाजूला सारते. त्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने पाणी तिला वर ढकलते. हेच प्लावक बल. खिळा थोडेच पाणी सारतो. पोकळ जहाज पुष्कळ सारते.

१६५७ साली कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी येथील खाडीकाठी जहाजे बांधायला सुरुवात केली. या खाडीत उल्हास नदीचे गोडे पाणी मिसळते. समुद्राचे एक लिटर पाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरते, गोडे पाणी १००० ग्रॅम. घनता कमी, म्हणून नावेला अधिक पाणी सारावे लागते व ती अधिक खोल जाते. समुद्रात काठोकाठ भरलेली नाव येथे बुडू शकते! म्हणून माल भरताना काठ मोकळा ठेवावा.