कपाशीची मर व झाडाच्या अंगची प्रतिकारशक्ति

भाद्रपदाच्या सुमारास कपाशी कमरेइतकी वाढते, पात्या-फुलें धरूं लागते, आणि नेमक्या त्याच वेळीं शेतांत कोठें कोठें झाडें माना टाकूं लागतात. प्रथम पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग पानें सुकून गळतात व शेवटीं उभें झाड वाळून जातें. पुढील वर्षीं तोच पट्टा अधिक रुंद झालेला दिसतो. हा ‘मर’ रोग आमच्या वाचकांस नवा नाहीं. त्यावर औषध कोणतें, असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें, आणि आमच्या उत्तरानें पुष्कळांची निराशा होते. झाड एकदां सुकूं लागलें म्हणजे त्यास वांचविणारें औषध नाहीं. उपाय आहे तो झाडाच्या अंगांतच आहे, व त्याची तजवीज पेरणीपूर्वीं करावी लागते.

मर ही फ्युझेरियम नांवाच्या बुरशीमुळें होते. ती जमिनींत राहते, कोवळ्या मुळांतून आंत शिरते आणि ज्या नळ्यांतून पाणी वर चढतें त्या नळ्यांतच वाढते. रोगी झाडाचें खोड उभें चिरून पाहिलें तर लांकडांत तपकिरी-काळपट रेघा स्पष्ट दिसतात. यजमान पीक नसलें तरी ही बुरशी जाड कवचाचे बीजाणू करून वर्षानुवर्षें मातींत पडून राहते. म्हणून दोन-तीन वर्षें ज्वारी घेतल्यानें ती निपटून निघत नाहीं.

मग एकाच पट्ट्यांत दहा झाडें मरतात आणि अकरावें हिरवेंगार उभें राहतें, तें कां? पुष्कळांची समजूत अशी कीं, त्या झाडाच्या मुळांत बुरशी शिरतच नाहीं. तसें नाहीं. ती त्यांतही शिरते. परंतु तें झाड लागण झालेल्या नळ्या फुगऱ्यांनीं चटकन् बुजवून टाकतें आणि आजूबाजूच्या पेशींतून सरकींतील गॉसिपॉलच्या जातीचीं बुरशीस विषारी द्रव्यें सोडतें. दुबळें झाडही हेंच करतें, पण उशीरा. चोर घरांत शिरल्यावर कडी लावण्यासारखें तें होय.

ही गोष्ट शास्त्राआधीं शेतकऱ्याच्या नजरेस आली, हें आम्हांस विशेष वाटतें. ॲटकिन्सन यांनीं १८९२ सालीं अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत या बुरशीचें वर्णन केलें. पुढें साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील जेम्स बेटावर रिव्हर्स नांवाच्या मळेवाल्यानें मेलेल्या कपाशींत तगलेलीं झाडें निवडून त्यांचें बी राखलें, आणि ऑर्टन या सरकारी तज्ज्ञानें १८९९ पासून तीच पद्धति शास्त्रशुद्ध रीतीनें पुढें चालविली. आपल्याकडे खानदेश, वऱ्हाड व गुजराथेंतील काळ्या जमिनींत देशी कपाशीस या रोगानें ग्रासलें होतें. पुण्यास मुंबई सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. उप्पल व त्यांचे सहकारी यांनीं रोगट मातींत, मातीचें उष्णतामान कायम राखून, रोपांची कसोटी घेतली. शेतांत वांचलेलें प्रत्येक झाड बळकट असतेंच असें नाहीं. कांहीं केवळ नशिबानें निसटतात. तीं निसटलेलीं झाडें वेगळीं काढणें हेंच या कामाचें मर्म होतें. खानदेशांतील ‘जरीला’ व गुजराथेंतील ‘विजय’ हे मर न लागणारे म्हणून नांवाजलेले वाण होत.

आज महाराष्ट्रांत बहुतेक क्षेत्र अमेरिकन जातीच्या संकरित बीटी कपाशीखालीं आहे, व आपल्याकडील मर मुख्यतः देशी कपाशीसच लागते. म्हणून निश्चिंत राहावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्याकडे प्रथम ओळखला गेलेला या बुरशीचा चौथा प्रकार २००१ सालीं कॅलिफोर्नियांत आढळला आणि लांब धाग्याच्या पिमा कपाशीस त्यानें झोडपलें. तेथेंही अखेर पिमा एस-६ या वाणाच्या अंगच्या शक्तीचाच आधार घ्यावा लागला.

येथें एक सावधगिरीची सूचना. दीर्घ उघाडीनंतर जोराचा पाऊस होऊन मुळांशीं पाणी तुंबलें म्हणजे बोंडांनीं लगडलेलीं संकरित झाडें एका-दोन दिवसांत मलूल होतात. ही ‘आकस्मिक मर’ होय; तिचा बुरशीशीं संबंध नाहीं. खोड चिरल्यास आंत काळ्या रेघा नसतात. अशा वेळीं बुरशीनाशकावर पैसा घालविण्यापेक्षां तत्काळ चर काढून पाणी बाहेर घालवावें.

झाडाची अंगची शक्ति वाढविण्यास खताचा हात लागतो. पालाश कमी असलेल्या जमिनींत मर बळावते. नुसता युरिया ओतल्यानेंही बळावते. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी दुहेरी काम करते. ती रोगकारक बुरशींवर जगतेच, शिवाय तिच्या एका जातीनें कपाशीच्या मुळांत वर सांगितलेलीं विषारी द्रव्यें अधिक तयार होतात, असें अमेरिकेंतील प्रयोगांत दिसून आलें आहे; हा गुण तेथें रोपांच्या मुळकुजीवर उपयोगी पडला. संकरित बियाणें बहुधा बुरशीनाशक चोळूनच येतें व त्यावर ट्रायकोडर्मा नीट टिकत नाहीं. तेव्हां तें चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मुरवून जमिनींत देणें बरें. मुळांवर सूत्रकृमीच्या गांठी असल्यास मात्र बळकट वाणही कोलमडतो, म्हणून झाड उपटून मुळें पाहण्याची संवय ठेवावी.

संकरित कपाशीचें बी राखण्यांत अर्थ नाहीं. पुढील पिढी एकसारखी उतरत नाहीं. परंतु देशी कपाशी लावणाऱ्यांनीं बी निरोगी तुकड्यांतून न घेतां मर लागलेल्या पट्ट्यांतील तगलेल्या झाडांचें घ्यावें. फुलें उमलण्यापूर्वीं कळ्या दोऱ्यानें बांधाव्या, म्हणजे मधमाशांमुळें परपराग मिसळत नाहीं. प्रत्येक झाडाची सरकी निरनिराळ्या पिशवींत ठेवून पुढील वर्षीं त्याच रोगट पट्ट्यांत एका झाडाची एक ओळ याप्रमाणें पेरावी, आणि मध्यें मध्यें सहज मरणाऱ्या जुन्या बियाण्याच्या ओळी टाकाव्या. या जुन्या ओळी मरून शेजारची ओळ शेवटच्या वेंचणीपर्यंत भरलेली राहिली, तर तिचें बी तिसऱ्या वर्षासाठीं वेगळें बांधावें.