सगळ्यांनी मिळून जेवावे

आपण सर्वजण रोज दोन वेळा जेवतो. सकाळी ज्याला त्याला घाई असते. कोणी शेतात, कोणी शाळेत, कोणी बाजाराला जातो. म्हणून रात्रीचे जेवण तरी घरातील सर्वांनी एकत्र बसून करावे. त्याचे काय फायदे आहेत ते मी या लेखात सांगणार आहे.

आधी शाळेचे सांगते. आपल्याला दुपारी पोषण आहार मिळतो. महाराष्ट्रात ही योजना १९९५-९६ साली सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य धरलेले असते. आपण व्हरांड्यात ओळीने बसतो. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. शेवटच्या मुलाच्या ताटात भात पडला का, हे वाढणाऱ्या मावशी बघतात. त्यामुळे पहिल्याला जास्त आणि शेवटच्याला कमी असे होत नाही.

पण पुष्कळ घरांत असे नसते. आमच्या घरी सहा माणसे आहेत. आबा, आजी, बापू, माय, मी आणि धाकटा भाऊ. पूर्वी आधी आबा आणि बापू जेवायला बसायचे. मग आम्ही भावंडे, मग आजी. माय चुलीपुढे भाकरी थापत राहायची, कारण प्रत्येकाला तव्यावरची गरम भाकर लागते. सगळ्यांचे झाले की टोपल्यात उरेल ते मायचे. कधी दीड भाकर उरायची, कधी अर्धी. कालवण संपले असले तर ती ठेच्यासंगं खायची. आजीने विचारले, "तुला हाय का गं?" की माय म्हणायची, "हाय की." टोपले तिच्याच बाजूला असायचे, म्हणून आत किती आहे ते कोणाला दिसायचे नाही.

मागच्या पावसाळ्यात खुरपताना मायला चक्कर आली. नर्सबाईंनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९ निघाले. मोठ्या बाईचे ते १२ तरी पाहिजे. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बापूंना म्हणाल्या, "गोळ्या तर त्या घेतील. पण पोटभर जेवतात का, ते तुम्ही बघा."

हे फक्त आमच्याच घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांचे रक्त तपासले. देशात १०० पैकी ५७ जणींना रक्त कमी होते. महाराष्ट्रात १०० पैकी ५४ जणींना. रक्त कमी होण्याची कारणे बरीच आहेत. पुरेसे आणि चौरस अन्न न मिळणे हे त्यातले एक. जी रोज शेवटी जेवते, तिच्या वाट्याला भाजी आणि डाळ कुठून येणार?

आता आमच्या घरची नवी रीत सांगते. माय आधी सगळ्या भाकरी करून घेते. त्या धडप्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या की ऊनही राहतात आणि मऊही राहतात. मग चूल विझवून माय सुद्धा बसते. टोपले आणि कालवणाचे भगुने मधे ठेवतो. टीव्ही बंद असतो. नऊ भाकरी असल्या तर सहा माणसांना दीड दीड येते. हे चौथीचे गणित आहे, पण ते टोपले मधे ठेवल्यावरच सुटते.

पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "घरच्या बाईनं आधी जेवणं बरं दिसत नाही." तेव्हा आबा म्हणाले, "आधी कुठं? संगंच जेवती की." मग आजी काही बोलली नाही.

शेताची लाईट रात्री असली की बापूंना पाणी द्यायला जावे लागते. त्या दिवशी आम्ही सातलाच बसतो. वेळ मागेपुढे झाली तरी चालते, पण कोणाला सोडून जेवायचे नाही.

याचे आणखी फायदे आहेत. कोण आजारी आहे, कोण रुसले आहे, ते ताटावरून लगेच कळते. बापू पिकाचे सांगतात. आबा दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. १९७२ साली लोकांनी सुकडी खाऊन दिवस काढले, हे मला जेवतानाच कळले. तेव्हापासून भाऊ ताटात उष्टे टाकत नाही.

परवा मायचे रक्त पुन्हा तपासले. ११ निघाले. नर्सबाई म्हणाल्या, गोळ्यांचा गुण आहे आणि जेवणाचाही आहे. अजून एक बाकी आहे.

मित्रमैत्रिणींनो, आज रात्री आपल्या घरी कोण शेवटी जेवते ते बघा आणि टोपल्यात किती उरले तेही बघा. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांनाही माझी नम्र विनंती आहे, की टोपले मधे ठेवा आणि सगळे मिळून जेवा.

— इयत्ता ४ थी