खाशाबा हिरो होते की सेलिब्रिटी?

लंडनमध्ये कधी अर्ल्स कोर्टला उतरलात, तर एक गोष्ट आठवा. १९४८ च्या ऑलिंपिकमधली कुस्ती याच भागातल्या एम्प्रेस हॉलमध्ये झाली. तिथे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा २२ वर्षांचा एक पोरगा फ्लायवेट गटात सहावा आला. तो म्हणजे खाशाबा जाधव. आयुष्य तांबड्या मातीत गेलेलं, आणि इथे लढायचं होतं मॅटवर.

कॉलेजच्या खेळाडूंना हिरो मानायचं की सेलिब्रिटी, हा वाद निघाला की मला खाशाबाच आठवतात.

अमेरिकेत हा वाद आता पैशांपर्यंत आलाय. जुलै २०२१ पासून तिथले कॉलेज खेळाडू स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिराती करून कमवू शकतात. २०२५ पासून तर कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. म्हणजे अधिकृत सेलिब्रिटीच.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस १८२९ मध्ये सुरू झाली. आजही पटनी ते मॉर्टलेक या ६.८ किलोमीटरच्या काठावर तुडुंब गर्दी होते, टीव्हीवर थेट प्रक्षेपण असतं. पण गेल्या रेसमधल्या एका तरी रोअरचं नाव सांगता येईल तुम्हाला? मलाही नाही. लोक निळा रंग ओळखतात, माणूस नाही.

माझ्या मते फरक असा: सेलिब्रिटीला आपण फक्त ओळखतो, हिरोसाठी मात्र काहीतरी पणाला लावतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण पुढे? १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार तर मिळालाच नाही.

हिरो करण्यातली गोम हीच आहे. मिरवणूक काढली की आपलं देणं फिटलं, असं आपल्याला वाटतं. हिरोने पैसे मागितले तर वर आपल्यालाच वाईट वाटतं! त्या मानाने अमेरिकेतला व्यवहार रोखठोक आहे: घाम गाळलास, हे घे पैसे. पण बाजारात ज्याचा चेहरा खपत नाही, त्याचं काय, याचं उत्तर त्या व्यवहारातही नाही.

इथल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये बुधवारची दुपार खेळासाठी मोकळी ठेवतात. तुमच्याही वर्गातलं कुणीतरी तेव्हा चिखलात धावत असेल. त्या मुलीला ना हार हवेत, ना फॉलोअर्स. गुडघा दुखावला तर फिजिओ मिळेल का, बुडालेल्या तासांच्या नोट्स कोण देईल, खेळ थांबल्यावर हातात डिग्री असेल का, हे तिचे प्रश्न आहेत. खर्डेकरांनी आपल्या विद्यार्थ्याची अडचण वेळेवर ओळखली, मिरवणूक निघायच्या कितीतरी आधी. घर गहाण टाकायची गरज नाही. निदान नोट्स तरी द्या.