रंगाऱ्याची भट्टी

लग्नसराई तोंडावर आली की फॉल-पिकोच्या दुकानांतून ओढण्यांची गाठोडी रंगाऱ्याकडे निघतात. पांढरी ओढणी, तिला टाचलेला ड्रेसच्या कापडाचा बोटभर तुकडा आणि एकच मागणी : हुबेहूब हाच रंग हवा. शहरांतल्या जुन्या बाजारपेठांमध्ये हे काम अजून चालतं, पण ओढणीपलीकडे रंगारी काय काय करू शकतो, हे आपण विसरत चाललो आहोत.

एके काळी विटलेली साडी टाकत नसत, रंगवून आणत. पुण्याच्या भाऊसाहेब रंगारींचं नाव गणेशोत्सवामुळे सर्वांना ठाऊक आहे. ते मूळचे जावळे, पेशाने वैद्य. घरात शालू रंगवण्याचा व्यवसाय, म्हणून लोक त्यांना रंगारी म्हणू लागले. भावसार आणि निराळी या समाजांचा तर हा पिढीजात धंदा. नीळ, मंजिष्ठा, हळद, हिरडा, तुरटी हे त्यांचं भांडवल. 1856 मध्ये विल्यम पर्किनला प्रयोगशाळेत जांभळा रंग सापडला, 1897 मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि डब्यातल्या पुडीने वनस्पतींची जागा घेतली.

माल बदलला, पारख मात्र तीच राहिली. चांगला रंगारी रंगाआधी कापड ओळखतो. शंका आली तर काठाचा एक धागा उपसून काडीवर धरतो. सुती धागा कागदासारखा वास सोडून जळतो आणि हलकी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पुढचं सगळं या धाग्यावर ठरतं. सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतो. आधी मीठ घालून तो धाग्यावर चढवायचा, मग सोडा घालून पक्का करायचा. रेशमाला सोडा सोसत नाही. त्याला आम्लाचं गरम पाणी हवं, तेही खळखळ न उकळता. पॉलिएस्टरला गिरणीत बंद यंत्रात, दाबाखाली, 130 अंशांच्या आसपास रंगवतात. उघड्या पातेल्यात त्यावर गडद रंग नीट बसत नाही, म्हणून प्रामाणिक रंगारी असं कापड सरळ परत करतो. हा नकार मला त्याच्या कसबाचाच भाग वाटतो.

खरी कसोटी रंग जुळवण्याची. ओलं कापड नेहमी गडद दिसतं. म्हणून रंगारी पातेल्यातून ओढणीचं टोक काढतो, पिळतो, इस्त्रीने वाळवतो आणि दारात, उजेडात जाऊन नमुन्याशेजारी धरतो. दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्याचा भरवसा नसतो. लाल कमी वाटला तर चिमूटभर पूड वेगळ्या पाण्यात विरघळवून घालतो. कोरडी पूड कापडावर पडली की ठिपके उमटतात. कापड सतत काठीने हलवत ठेवावं लागतं, नाहीतर घड्यांवर पट्टे पडतात.

काही गोष्टी रंगाऱ्याच्याही हातात नसतात. गडदावर फिका रंग चढत नाही. निळ्यावर पिवळा घातला तर हिरवाच मिळणार. जुना रंग ‘हायड्रो’ नावाच्या रसायनाने उतरवता येतो, पण त्यात साडीची जरी काळवंडण्याची भीती असते. तेलाच्या डागावर रंग धरत नाही. सुती कुर्ता पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असेल, तर कुर्ता रंगतो आणि शिवण जुन्याच रंगाची राहते.

या कामाचं सांडपाणी ही खरी अडचण आहे. धाग्याला न चिकटलेला रंग गटारात जातो. छोट्या भट्ट्यांना हे पाणी एकत्र शुद्ध करण्याची सोय मिळाली पाहिजे. त्यांना नुसतं हुसकावून लावलं, तर कपडे रंगवण्याची ही जवळची सोयच बंद होईल.

तुमच्या कपाटात धड विणीची, पण विटलेली सुती साडी, चादर किंवा पडदा असेल तर एकदा रंगाऱ्याकडे न्या. आधी स्वच्छ धुवा, खळ काढा, मूळच्यापेक्षा गडद रंग निवडा आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळं भिजवा.