पीळ पडतो कुठे?

संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकावा. एका कोपऱ्यात जमिनीवर बसून कोणीतरी रशियन ट्विस्ट मारत असतं. पाय उचललेले, हातात ५ किलोची प्लेट, ती डावीकडून उजवीकडे सपासप फिरते आहे. नीट पाहिलं तर फिरताहेत फक्त हात. छाती समोरच आहे, पाठीला पोक आलंय आणि गुडघे उलट्या दिशेला झुलताहेत. घाम भरपूर निघतो, पण पोटाच्या स्नायूंना काम थोडं आणि कमरेला ताण मोठा. हे टाळायचं तर आपला कणा कुठे वळतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

कमरेत ५ मणके असतात. त्यांचे मागचे छोटे सांधे अशा कोनात बसवलेले असतात की पुढे-मागे वाकता येतं, वळता मात्र फारसं येत नाही. दोन मणक्यांमध्ये जेमतेम २ अंश, सगळी कंबर मिळून १०च्या आसपास. वर छातीचे १२ मणके आहेत. त्यांच्या सांध्यांची ठेवण निराळी, म्हणून ते एका बाजूला ३०-३५ अंश सहज वळतात. जातं आठवा: खालची तळी स्थिर, वरची फिरती. आपलं धडही तसंच चालवायचं.

लगेच करून पाहा. खुर्चीवर बसा, गुडघ्यांत एक वही धरा, हातांची छातीवर घडी घाला. आधी पोक काढून बाजूला वळा. मग ताठ बसून वळा. दुसऱ्या खेपेला बरंच जास्त वळता येतं. पोक काढलं की छातीचे मणके अडकतात आणि उरलेला पीळ कमरेवर येतो. तिथल्या दोन मणक्यांमधल्या गादीच्या कडेला तंतूंचे थर असतात, एक थर उजवीकडे कललेला तर पुढचा डावीकडे. पीळ पडला की एका दिशेचे तंतू ताणले जातात, दुसऱ्या दिशेचे सैल पडतात. म्हणून वाकणं, वळणं आणि वजन ही तिन्ही एकदम आली, की गादीला धोका.

आता व्यायाम. जमिनीवर बसा, गुडघे वाकवा, टाचा जमिनीवर टेकवा. पाठ सरळ ठेवून खुब्यातून मागे कला. वजन छातीजवळ धरा. श्वास सोडत छातीचं मधलं हाड बाजूला न्या. हात आणि नजर त्याच्या मागे जातील. गुडघे हलू देऊ नका. मध्ये येताना श्वास घ्या. डावीकडे वळताना उजव्या बरगड्यांखालचा बाहेरचा तिरका स्नायू आणि डाव्या खुब्याजवळचा आतला तिरका स्नायू जोडीनं आवळतात, खांद्यावरून तिरकं घेतलेलं उपरणं घट्ट ओढावं तसे.

वजन किती, यापेक्षा ते किती लांब धरलंय याला महत्त्व आहे. ५ किलोचं वजन धडापासून २० सेंटिमीटरवर असेल तर सुमारे १० न्यूटन-मीटरचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, पडतो. हात लांबवून ६० सेंटिमीटरवर नेलं की ३०. प्लेट तीच, भार तिप्पट. तालमीतल्या गदेचा गोळाही लांब दांड्याच्या टोकाला असतो, म्हणून वजनाला हलकी गदाही फिरवताना जड जाते. वेगाचंही तसंच. झोकात आलेलं वजन टोकाला थांबवायचं काम शेवटी कमरेवर पडतं. म्हणून सावकाश वळा, टोकाला क्षणभर थांबा. वजन न घेता १० वेळा नीट जमलं, तरच प्लेटला हात लावा.

गादी सरकलेली असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, हर्निया असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नका.

पाठ सरळ आहे का, गुडघे हलताहेत का, हे स्वतःला दिसत नाही. म्हणून बाजूला कोणाला तरी उभं करा आणि त्याला प्लेटकडे पाहू देऊ नका. छातीचं हाड आणि गुडघे, या दोनच गोष्टी पाहायला सांगा. पहिलं वळायला हवं, दुसरे जागचे हलता कामा नयेत.